डोक्यात अडकलेली चाल, जी दरवर्षी परत येते आणि कुठल्याच ॲपला सापडत नाही

प्रॉब्लेम असा आहे की दरवर्षी गणपती उठले की दोन-चार दिवसांत एक चाल माझ्या डोक्यात सुरू होते आणि कोजागिरीच्या आसपास आपोआप बंद पडते. शब्द एकही नाही. गायक माहीत नाही, सिनेमातलं आहे की भावगीत आहे की जाहिरात आहे तेही माहीत नाही. फक्त सुरांचा एक तुकडा, नऊ-दहा सेकंदांचा, जो कधी संपतच नाही, एका ठिकाणी येऊन लटकतो आणि परत पहिल्यापासून सुरू. दिवसा ठीक आहे, मेट्रोत उभं राहून नागपुरातल्या बर्डीपर्यंत जाताना तर टाइमपासच होतो, पण रात्री तीनला जाग आली आणि हे सुरू झालं की साडेचारपर्यंत मी पंख्याकडे पाहत पडून राहतो. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवू, गुणगुणून दाखवू?

सात-आठ वर्षं हे असंच चाललं. यंदा एकदाचं सुटलं म्हणून सगळं लिहून ठेवतोय, काय काय केलं, त्यातलं काय चाललं नाही आणि का चाललं नाही. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर इथेच देतो: ती चाल एक नव्हती, दोन होत्या, आणि मी त्या जोडून गात होतो. तुमचंही तसंच असेल असं नाही, पण सगळे उपाय करून हात टेकले असतील तर हे एकदा तपासाच.

आधी बघा आवाज डोक्यातच आहे ना

हसू नका राजेहो, नागपुरात हे पहिलं तपासायचं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला, खिडकीत कूलर रात्रभर घरघरतोय, आणि अर्धवट झोपेत तुम्हाला अगदी स्पष्ट ऐकू येतं की मागच्या घरी कोणीतरी रेडिओ लावलाय, गाणं ओळखीचं आहे पण नेमकं कोणतं ते कळत नाही. उठून कूलर बंद केला की रेडिओ पण बंद. एकसारखा घरघर आवाज कानावर पडत राहिला की मेंदू त्यातून ओळखीचं काहीतरी काढतोच, ढगात हत्ती दिसतो ना तसंच. आमच्या ऑफिसातला एक जण दोन उन्हाळे शेजाऱ्यांशी या रेडिओवरून भांडला, तिसऱ्या उन्हाळ्यात एसी घेतला आणि शेजारी एकदम सुधारले म्हणे.

तुमची चाल फक्त कूलर, एक्झॉस्ट फॅन किंवा वॉशिंग मशीन चालू असतानाच येत असेल तर शोधत बसू नका, ते गाणं अस्तित्वातच नाही. माझी चाल ऑक्टोबरमध्ये, कूलर माळ्यावर गेल्यावरही चालू होती, म्हणून हा मुद्दा बाद.

ॲपवाला भाग

बहुतेक लोक पहिले शझाम उघडतात, त्यात गुणगुणतात आणि मग ॲपला शिव्या देतात. त्याचं ते कामच नाही. शझाम रेकॉर्डिंग ओळखतं, चाल ओळखत नाही. वाजत असलेल्या गाण्याच्या ध्वनीचा आलेख काढून त्यातले सगळ्यात ठळक ठिपके ते घेतं आणि कोणत्या ठिपक्यानंतर किती वेळाने कोणता ठिपका येतो ते आपल्या साठ्याशी जुळवून बघतं, आकाशात नक्षत्र ओळखावं तसं. म्हणूनच पानठेल्यावर चार जण ओरडत असले तरी मागे वाजणारं गाणं ते पकडतं. पण तेच गाणं आपण गायलं तर ठिपके सगळे वेगळे. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये हे सुरू झालं तेव्हा ॲप नव्हतंच, २५८० नंबर फिरवायचा, फोन गाण्यासमोर धरायचा आणि गाण्याचं नाव एसेमेसने यायचं. म्हणजे गाणं समोर वाजत असलं पाहिजे ही अट तेव्हापासूनची आहे.

गुणगुणून शोधायचं असेल तर गुगलच्या ॲपमध्ये माइक दाबून गाणं शोधायचा पर्याय निवडायचा. ही सोय ऑक्टोबर २०२० मध्ये आली. साउंडहाउंडही त्याच जातीचं, त्याच्या कितीतरी आधीचं. हे ॲप्स आवाजाचा पोत, वाद्यं सगळं काढून टाकतात आणि चालीचा फक्त सांगाडा ठेवतात, सूर किती वर गेला, किती खाली आला, किती वेळ थांबला. त्यामुळे बेसूर माणसाचंही काम होतं, थोडंफार.

पण इथे माझ्या चार-पाच चुका होत्या आणि मला वाटतं बऱ्याच जणांच्या असतात.

एक तर मी तोंड बंद करून हं हं हं करत होतो. त्यात सूर एकमेकांना चिकटतात, कुठे एक संपून दुसरा सुरू झाला ते ॲपला कळतच नाही. ना ना ना किंवा त त त करा, प्रत्येक सुराला वेगळा धक्का मिळाला पाहिजे. शीळ येत असेल तर उत्तमच. पंखा बंद करा, फोन तोंडाला चिकटवू नका, वीतभर लांब धरा.

दुसरं, ॲपला १० ते १५ सेकंद लागतात आणि माझा तुकडा होता नऊचा. मग मी काय करायचो, तोच तुकडा दोनदा म्हणायचो. आता विचार करा, शेवट आणि सुरुवात जोडून जी चाल तयार होते ती जगातल्या कुठल्याच गाण्यात नाही. मी स्वतःच त्याला खोटा पुरावा देत होतो. तुकडा छोटा असेल तर एकदाच म्हणा, थोडा सावकाश म्हणा आणि थांबा.

तिसरं, मी कधी टेस्टच केली नव्हती की माझं गुणगुणणं ॲपला कळतं तरी का. आधी असं गाणं म्हणून बघा जे तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे. मी राष्ट्रगीत म्हणून पाहिलं. बरोबर सापडलं. उभं राहूनच म्हटलं, घरात कोणी नव्हतं तरी. म्हणजे घसा ठीक, ॲप ठीक, नेट ठीक, गडबड चालीतच आहे. ही एक टेस्ट मी पहिल्या वर्षी केली असती तर मधली सहा वर्षं फोन बदलून, ॲप बदलून वाया गेली नसती.

अजून एक. आपल्या गाण्यांमध्ये बरेचदा डोक्यात अडकतं ते मुखडा नसतोच. मुखडा अडकला असता तर शब्द आठवले असते ना! अडकतो तो म्युझिक पीस, मुखडा आणि अंतरा यांच्या मधला, व्हायोलिनचा किंवा बासरीचा. आणि तो गुणगुणला की ॲप भलतंच काहीतरी काढून देतं. असं वाटलं तर त्या पीसच्या पुढे जबरदस्तीने गात राहा, थांबू नका, आठ-दहा वेळा केलं की एखाद वेळी गाडी सरळ अंतऱ्यावर जाऊन आदळते आणि एखादा शब्द निघतो. माझी दुसरी दोन गाणी अशी सापडली आहेत. ही मात्र नाही.

आणि रेकॉर्ड करताना चाल ज्या पट्टीत डोक्यात येते त्याच पट्टीत करा, सोपी जावी म्हणून खाली ओढू नका. डॅनियल लेव्हिटिन नावाच्या संशोधकाने १९९४ मध्ये लोकांना त्यांच्या आवडीची गाणी नुसत्या आठवणीवरून गायला लावली होती, संगीत न शिकलेल्यांनाही, आणि बरेच जण मूळ रेकॉर्डच्या पट्टीच्या जवळपासच गायले. म्हणजे पट्टी हा पण पुरावा आहे. माझी चाल माझ्या गळ्यापेक्षा बरीच वर होती, पोरीबाळींच्या आवाजाची, आणि मी दरवेळी ती मुकाट्याने खाली आणून गात होतो.

लोकांना विचारणं

फॅमिली ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. टाकताना खाली लिहिलं, "मला वाटतं सत्तरच्या दशकातलं आहे." झालं. सगळ्यांनी सत्तरच्या दशकातलीच गाणी सांगितली. काकांनी तीन सांगितली, तिन्ही वेगवेगळी, प्रत्येक वेळी "हेच आहे" म्हणून. एका वहिनीने तर मला गाऊन दाखवलं आणि ते इतकं चांगलं गायलं की दोन दिवस माझ्या डोक्यात त्यांचंच गाणं चाललं, माझी ओरिजिनल चालच हरवली, परत मिळवायला आठवडा गेला. तेव्हा नियम एक: आधी रेकॉर्ड करून ठेवा, मगच कोणाला विचारा. नियम दोन: स्वतःचा अंदाज सांगू नका, नुसता आवाज पाठवा. ग्रुपवर टाकू नका, एकेकाला वेगळं पाठवा, नाहीतर पहिल्याने जे उत्तर दिलं तेच बाकीच्यांना ऐकू यायला लागतं.

लोकांना विचारण्याचा खरा फायदा कुठे होतो ते सांगतो. ज्या चालीला नावच नाही ती ॲपमध्ये शोधून मिळणं कठीण, पण माणसाला ती कुठे ऐकली ते आठवतं. सदरला राहणाऱ्या एका मित्राच्या वडिलांच्या डोक्यात अशीच एक चाल होती, व्हायोलिनची, उदास, पहाटेची वाटणारी. मित्राने वर्षभर सगळे राग उलथेपालथे केले. आमच्या ऑफिसच्या चपराशाने चहा ठेवता ठेवता सांगितलं, सर हे तर रेडिओ सुरू व्हायच्या आधी वाजायचं. आकाशवाणीची ओळखधून! शिवरंजनी रागावरची, वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराने केलेली, जो १९३४ मध्ये युरोपातून मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीवर कामाला होता. अख्ख्या देशाने ती हजारो वेळा ऐकली आणि गाणं म्हणून कोणीच ऐकली नाही. दूरदर्शनची धून, विविध भारतीच्या कार्यक्रमांच्या सुरुवातीचे तुकडे, जुन्या मालिकांचं टायटल म्युझिक, बसस्टँडवरची अनाउन्समेंटची टिंगटाँग, हे सगळं या यादीत धरा. गाणं शोधू नका, जागा शोधा.

हे मी मित्राला शहाणपणाने सांगितलं आणि स्वतः मात्र गाणंच शोधत बसलो.

तोपर्यंत झोप कशी लागेल

अर्धवट राहिलेली गोष्ट मेंदू सोडत नाही, आणि चालीचा शेवट सापडत नसला की तो परत परत सुरुवातीला जातो. सापडलेलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं की बरेचदा सुटका होते, पण न सापडलेल्याचं काय? इंग्लंडमधल्या रीडिंग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग छापला होता की च्युइंगम चघळलं की डोक्यातलं गाणं कमी होतं, कारण मनातल्या मनात गातानाही आपण जबडा आणि जिभेची यंत्रणा थोडी वापरतोच, ती दुसऱ्या कामाला लावली की गाणं लुळं पडतं. मी रात्री तीनला च्युइंगम चघळून पाहिलं, चाल थांबली, पण झोपही गेली. पानठेल्यावर हे सांगितलं तर एकाने लगेच विचारलं, खर्रा चालेल का भाऊ? त्या प्रयोगात खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण, नव्हता, एवढंच सांगतो. मला जास्त उपयोग झाला तो शब्दकोड्याचा. ज्यात शब्द जुळवावे लागतात असं काहीही, पण सोपं नको आणि फार अवघडही नको.

जिथे गाडी पुढे सरकली

यंदा मी चाल कागदावर उतरवायचं ठरवलं. नोटेशन मला येत नाही. पण डेनिस पार्सन्स नावाच्या माणसाची एक युक्ती आहे, त्याने १९७५ मध्ये चालींची एक डिरेक्टरीच काढली होती. त्यात सूर लिहायचेच नाहीत, फक्त पुढचा सूर मागच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला एवढं लिहायचं. वर, खाली, तोच. बस. तेवढ्यावरूनही आश्चर्य वाटावं इतक्या चाली वेगळ्या ओळखता येतात. म्युझिपीडिया नावाची वेबसाइट आहे, तिथे असं शोधता येतं.

मी डायनिंग टेबलवर बसून पोरीच्या रफ वहीत बाण काढत होतो. पहिला अर्धा: तोच, तोच, वर, तोच, खाली, तोच, तोच. जवळजवळ सपाट, तीन-चार सुरांच्या पलीकडे जातच नाही. दुसरा अर्धा: खाली, वर, खाली, वर, खाली, वर. नुसता झुलतोय. बघूनच विचित्र वाटलं, जसं एका माणसाच्या पॅन्टवर दुसऱ्याचं शर्ट.

पोरगी आठवीत आहे, तबला शिकून राहिली आहे दोन वर्षांपासून. तिला म्हटलं मी गातो, तू टाळी दे. तिने चारची टाळी धरली, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, छान चाललं, आणि बरोबर मधे येऊन ती अडकली. "बाबा, तुम्ही इथे चुकता." परत केलं. परत तिथेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा त्याच जागी तिची टाळी रस्ता सोडते. मग ती म्हणाली, "पुढचं चारचं नाहीच आहे, तीनचं आहे. हे एक गाणं नाही."

सात-आठ वर्षं. आणि आठवीतल्या पोरीने पाच मिनिटांत.

आता हे असं का होतं तेही कळलं. धरमपेठेत माझा एक मित्र पेटी शिकवतो, तो म्हणाला हे नेहमीचं आहे. दोन गाण्यांमध्ये एक सूर जरी सारखा असला तरी मेंदू तिथून रूळ बदलतो. एका रागातली गाणी तर सर्रास एकमेकांत घुसतात, भूपासारखा पाच सुरांचा राग असेल, सा रे ग प ध, तर एका गाण्यातून निघून दुसऱ्यात कधी पोचलो ते गाणाऱ्यालाही कळत नाही. तिथे ताल पण सारखा असला तर टाळीने सांधा सापडणार नाही. मग काय करायचं, तर श्वास कुठे घेता ते बघायचं, किंवा डोक्यात कोणत्या वाद्याने वाजतंय ते बघायचं. हे दुसरं मी घरी येऊन डोळे मिटून केलं आणि अंगावर काटाच आला. पहिल्या अर्ध्यात आवाज होते, माणसांचे, बरेच, बारीक. दुसऱ्या अर्ध्यात माणूसच नव्हता. टिंग टिंग टिंग, इलेक्ट्रॉनिक, डासासारखं बारीक. इतकी वर्षं मी हे माझ्या गळ्याने गाऊन झाकून टाकत होतो.

दुसरा अर्धा

तेवढाच वेगळा करून गुगलला दिला. पहिल्याच झटक्यात आलं. बेथोव्हन, फ्युर एलिझे, १८१० सालची पियानोची रचना.

आता मी बेथोव्हन कधी ऐकला? आमचं लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं, घरात एक रेडिओ आणि आजोबांची भजनं. पेटीवाल्या मित्राला सांगितलं तर त्याने लगेच वाजवून पाहिलं: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. म्हणाला, एका दमात दोन्ही मध्यम आणि वरून हा कोमल गंधार, तू मला आधीच ऐकवलं असतं तर मी सांगितलं असतं की हे आपल्याकडचं चलन नाही. ऐकवलं होतं की! दोन वर्षांपूर्वी. पण तेव्हा मी अख्खं गायलो होतो, आणि पहिल्या अर्ध्याच्या नादात त्याने हे सूर मनातल्या मनात दुरुस्त करून घेतले होते.

मग जागा शोधायला बसलो, गाणं नाही. ही चाल आपल्याकडे नव्वदच्या दशकात कुठे वाजायची? मारुतीच्या रिव्हर्स हॉर्नमध्ये. लँडलाइनवर कोणी होल्ड केलं की. उघडल्यावर वाजणाऱ्या बड्डे कार्डात. आणि दाराच्या म्युझिकल बेलमध्ये. याला कारण एक छोटीशी चिप आहे, यूएम६६, तीन पायांची, दिसायला अगदी ट्रान्झिस्टरसारखी, तिच्यात एकच चाल कायमची भरलेली असते. नंबरच्या शेवटी १९एल असलं की ती फ्युर एलिझे. स्वस्त होती म्हणून सगळ्यात घुसली. म्हणजे आपल्या पिढीने बेथोव्हन ऐकला तो गाडी मागे घेताना.

पहिला अर्धा

यावर ॲप शेवटपर्यंत मुकं राहिलं. वेगळं केलं, सावकाश केलं, शिट्टीवर केलं, काही नाही. म्युझिपीडियातही नाही. शेवटी तेवढाच तुकडा आत्याला पाठवला, ती अजून महालातच राहते, चौऱ्याहत्तरची आहे, व्हॉइस नोट ऐकायला तिला नातू लागतो. दहा मिनिटांत फोन.

"अरे हे तं भुलाबाईचं आहे. येवढ्यासाठी कायले डोकं पिकवून राहिला?"

आणि फोनवरच गायला लागली, शब्दांसकट, चारच्या टाळीत, बरोबर त्या वरच्या पट्टीत.

जे विदर्भातले नाहीत त्यांच्यासाठी: पुण्याकडे भोंडला असतो तसं आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे गणपती उठले की दुसऱ्याच दिवशी, भुलाबाई आणि भुलोजी बसतात आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, शेवटी खिरापत ओळखायची, ओळखली की वाटायची. माझ्या प्रॉब्लेमच्या तारखा वर पहिल्याच ओळीत लिहिल्या आहेत. गणपती उठले की सुरू, कोजागिरीला बंद. दरवर्षी. इतकं समोर होतं आणि मी सत्तरच्या दशकातले हिंदी सिनेमे उपसत होतो, कारण कितीही झालं तरी भुलाबाई म्हणजे पोरींचं, आपलं थोडीच.

ॲपला का सापडलं नाही तेही उघड आहे. ही गाणी तीन-चार सुरांतच फिरतात, एकाच चालीवर गाण्यांमागून गाणी म्हणतात, प्रत्येक गल्लीत थोडी वेगळी, आणि आमच्या गल्लीतल्या पोरींचं रेकॉर्डिंग कोण करणार होतं?

आता राहिला सांधा. हे दोन तुकडे एकमेकांना चिकटले कसे? तेही आत्यानेच सोडवलं, मी विचारलं सुद्धा नव्हतं. "तू तं खिरापतीसाठी पोरींच्या मागं मागं फिरे सगळ्या घरी. आपल्याकडचं झालं की आधी मास्तरांच्या दारात जाऊन उभा. त्यांनी नवीन बेल बसवली होती ना, गाण्याची, ती दाबायले तुले मिळाली पाहिजे म्हणून रडे."

म्हणजे आमच्या ओसरीवर गाणं संपायचं, मी पळत जाऊन मास्तरांची बेल दाबायचो, टिंग टिंग टिंग, दार उघडलं की बेल मधेच बंद. म्हणून ती चाल कधी पूर्ण होत नव्हती. आणि मग त्यांच्या ओसरीवर परत गाणं पहिल्यापासून. माझ्या डोक्यातलं लूप ही संध्याकाळची त्या गल्लीतली जशीच्या तशी फेरी होती, जिथे लटकायचं ते मास्तरांचं दार उघडायचं ठिकाण.

आता स्थिती काय

पूर्ण बरं झालं म्हणणार नाही. आत्याकडून तीन गाणी पूर्ण रेकॉर्ड करून घेतली, ती ऐकली की पहिला अर्धा शांत बसतो. दुसऱ्यासाठी फ्युर एलिझे पियानोवर ऐकून पाहिलं, काही फरक पडला नाही, पियानो ऐकून माझ्या डोक्याला ती वेगळीच चीज वाटते. मग बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १९एलवाली चिप, एक पिझो बझर आणि पेन्सिल सेलचा डबा आणला. पोरीने सोल्डर केलं, मी नुसता टॉर्च धरला. दोन सेल लावले आणि वाजलं. तोच डासासारखा आवाज, तीच घाई, पण यावेळी कोणी दार उघडलं नाही त्यामुळे लटकायच्या जागेच्या पुढे गेलं आणि फिरून फिरून वाजत राहिलं. त्या रात्री मी सरळ साडेसहापर्यंत झोपलो. त्यानंतर दोनदाच जाग आली आहे.

तुमचाही दुसरा अर्धा असा बेल, खेळणं, हॉर्न यातला निघाला तर मूळ रचना ऐकून उपयोग नाही, ज्या आवाजात अडकलं त्याच आवाजात शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

चिप वाजवून आत्यालाही फोनवर ऐकवली. काही सांगितलं नाही, नुसता फोन बझरजवळ धरला. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग नातवाला हाक ऐकू आली, "अरे पाह्य बरं, मास्तरांच्या दारात कोणीतरी उभं आहे."